माझं पांढरं ऑर्किड

सगळ्यात आधी खटकलं ते आप्पांचं खोकणं. म्हणजे, न खोकणं! निपाणीत ज्यांच्या माडीवर मी भाड्यानं राहते, ते आप्पा पहाटे असे खोकतात की मला गजर लावावा लागत नाही. त्या दिवशी शांत. दुसऱ्या दिवशीही शांत. आणि मग वास आला.

तुम्ही चहा संपवा आधी, नंतर जाणार नाही. उंदीर मेला म्हणावं, तर तो उंदीर म्हशीएवढा असायला हवा!

आप्पा सत्तरीचे, घरात एकटे. दार लॅचचं, त्यामुळं माणूस आत आहे की बाहेर, कळायला मार्ग नाही. फोन लावला, तर 'नॉट रीचेबल'. मी मुळात कुकरच्या शिट्टीला दचकणारी. समोरच्या आक्कांना हाक मारली. त्यांनी जिन्याखाली येऊन नाकाला पदर लावला.

"आक्का, कसला वास असेल हो?"

"आता कसला म्हणून सांगू बाई? म्हातारा माणूस, एकटा... अण्णाला फोन लाव."

अण्णा म्हणजे आप्पांचा बेळगावातला मुलगा. असली बातमी द्यायची कशी, सांगा तुम्हीच! 'आप्पांची तब्येत जरा बरी नाही' असं म्हणायचं ठरवलं होतं. तोंडातून गेलं, "अण्णा, लवकर या, वास येतोय."

पलीकडं तो एवढा मोठा माणूस रडायला लागला.

अण्णा पोचेपर्यंत दारात चपलांचा ढीग. आक्का आप्पांचे गुण सांगत रडत होत्या. 'कधी उचलायचं?' असंही कुणीतरी विचारून गेलं. अण्णांनी आल्या आल्या खांद्यानं सागवानी दार फोडलं.

आत अंथरुणाची घडी, पालथी भांडी. आप्पा नाहीत. आणि वासही कमीच!

आक्कांचं रडं मधेच थांबलं. "अगं, वास वरनं यालाय!"

वर कोण? मी! आप्पांच्या खिडकीवरच माझी गॅलरी, आणि तिथं टांगलेलं माझं ऑर्किड. पालीच्या भीतीनं मी गॅलरीचं दार उघडत नाही, आणि पावसात पाणी घालावं लागत नाही. एका बाईंनी दिलेलं, नाव त्यांनाही माहीत नव्हतं. हातभर लांब, लोंबती, जाड पानं. मी वनस्पतिशास्त्राची एम.एस्सी.! पानं बघूनच सांगितलं, ही फॅलेनॉप्सिस, फुलपाखरांसारखी पांढरी फुलं येणार. पानाच्या बुडाशी अंड्याएवढी गाठ होती. फॅलेनॉप्सिसला ती नसते. मला वाटलं, खाल्लंपिल्लं अंगी लागलंय.

अण्णांनी वर गॅलरीत येऊन पान उचललं. खाली सडक्या मांसासारखा लाल झुबका, त्यावर अळ्यांसारखी लव, भोवती माश्या. बल्बोफायलम! मेल्याचा वास सोडून माश्यांना बोलावणारी. हे मी वर्गात शिकवते हो!

"मग आप्पा कुठायत?" अण्णांनी इतक्या हळू विचारलं की त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी परत फोन लावला. रिंग गेली! स्पीकर चालू केला. जिन्यापर्यंत माणसं कान टवकारून उभी.

"हॅलो... तू हाईस व्हय पोरी? कणकुंबीला दोस्ताकडं आलतो. आत्ता बस जांबोटीला आली तवा रेंज मिळाली." मग आप्पांनी आवाज बारीक केला. "एक विचारू? राग मानू नको. तोंडावर कसं सांगायचं म्हणून निघून आलो बघ... तू अंघोळ रोज करतीस न्हवं गं?"