जमा नाही तर इश्यू नाही

पंप बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर सांभाळून स्टोअरकाका निवृत्त झाले, तेव्हा साहेबांनी त्यांच्या मनगटावर नवं घड्याळ बांधलं आणि काकांनी सवयीने विचारलं, "जुनं जमा करायचं ना?" सभा हसली. काका विनोद करत नव्हते. कारखान्यात नियमच होता तसा: झिजलेला पाना आणून द्या, नवा घेऊन जा. आधी जुनं जमा, मग नवं इश्यू. हा नियम काकांनी निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी घरी आणला आणि तिथून काकूंच्या हालांना सुरुवात झाली.

जिन्याखालच्या कपाटाचं दार त्यांनी मधोमध कापलं. खालचा अर्धा भाग कडी लावून बंद, वरचा उघडा, मध्ये एक फळी. फळीच्या आत स्टुलावर काका, फळीच्या बाहेर उरलेलं घर. साबण हवा असेल तर आधी जुन्याची चकती आणायची, तीही अशी की उजेडात धरली तर पलीकडची बोटं दिसली पाहिजेत. पेस्टची ट्यूब कात्रीने उभी चिरून, आतून ब्रश फिरवून, मगच जमा. झाडूला अजून काड्या आहेत म्हणून त्यांनी तो तीनदा परत पाठवला. चौथ्यांदा काकूंनी उरलेल्या काड्या स्वतःच्या हाताने उपटल्या आणि नुसती मूठ आणून फळीवर आपटली. काकांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि वापर समाधानकारक आहे असा शेरा दिला.

त्यांना कंजूष म्हणावं तर तसंही नाही. लेकीच्या लग्नात त्यांनी हात आखडता घेतला नव्हता. वस्तू पुरती कामी यायच्या आत कोणी टाकली की या माणसाच्या पोटात खरोखर तुटायचं, एवढंच. काकूंना हे माहीत होतं, म्हणून चार वर्षं त्या हूं की चूं न करता चकत्या आणून देत होत्या.

मग चष्म्याचं प्रकरण झालं. दोघांचे चष्मे एकाच दिवशी केलेले. एकाच घाटाच्या दोन फ्रेमा घेतल्या तर स्वस्तात देतो, असं चष्मेवाला म्हणाला होता आणि त्यापुढचं ऐकायची काकांना गरज वाटली नव्हती. फ्रेमा सारख्याच, काळ्या आणि जाड. नंबर मात्र वेगळे. एके सकाळी खिडकीत ठेवलेला काकूंचा चष्मा नाहीसा झाला. पिठाच्या डब्यापासून गादीच्या खालपर्यंत सगळं पालथं घालून झाल्यावर त्या फळीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"जुना?" काकांनी विचारलं.

"हरवला, म्हणून तर आलेय."

"हरवला म्हणजे जमा नाही. आणि जमा नाही तर..."

पुढचं ऐकायला काकू थांबल्या नाहीत. त्या एकट्या जाऊन नवा चष्मा करू शकल्या असत्या, पण आता त्यांनाही हट्ट चढला होता. ज्या नवऱ्याला बायकोचे डोळे आणि झाडू यांतला फरक कळत नाही, त्याने तो आपण होऊन कळून घ्यावा. आपण दुसऱ्यांदा मागायचं नाही. पंचाईत एकच होती. तीन आठवड्यांवर नातीचा पहिला वाढदिवस आला होता आणि जुन्या पडद्याच्या पिवळ्या कापडातून त्या तिच्यासाठी फ्रॉक शिवत होत्या. तो वाढदिवसापर्यंत होणार होता की नाही, हाच आता प्रश्न होता.

काकू अंदाजपंचे शिवत राहिल्या. पहिल्यांदा बाही गळ्याला लागली. उसवून पुन्हा शिवली, तर त्या उठल्या तशी फ्रॉकही त्यांच्या गाऊनला धरून उठला. सुईत दोरा ओवायला त्या दुपारभर बसत आणि ओवला गेला असं वाटलं की दोरा सुईच्या बाजूने गेलेला असे. एकदा त्यांना रडूच आलं. काका तेव्हा शेजारी बसून वर्तमानपत्रावर चिडले होते. अक्षरं कशी भुरकट छापतात म्हणून त्यांनी संपादकांना पत्रच लिहिलं की, शाईतली आपली काटकसर स्तुत्य आहे, परंतु वाचकाला निदान मथळे तरी दिसावेत.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी जेवणानंतर काका आरामखुर्चीत घोरत होते. हातघाईवर आलेल्या काकूंनी त्यांच्या नाकावरचा चष्मा हळूच काढून घेतला. दुसऱ्याच्या नंबराचा तर दुसऱ्याच्या, काहीतरी दिसेल, म्हणून डोळ्यांवर चढवला. दोरा पहिल्या फटक्यात सुईतून पार झाला. काकूंनी सुईकडे पाहिलं, मग घोरणाऱ्या नवऱ्याकडे, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चष्मा हरवला होता खरा, पण तो काकांचा. काका तीन आठवडे त्यांचाच चष्मा लावून फिरत होते.

काका जागे झाले तेव्हा नाक मोकळं होतं आणि काकू जिन्याखाली स्टुलावर बसून, आतून कडी लावून, भराभर शिवत होत्या. घरातला सगळ्यात चांगला दिवा तिथेच होता. सगळी हकीगत त्यांनी मान वर न करता सांगितली. काका फळीच्या बाहेर उभे होते. या बाजूला ते पहिल्यांदाच उभे राहत होते आणि फळी त्यांना जरा उंचच वाटली. त्यांना मनापासून लाज वाटली. एवढे दिवस गप्प का बसलीस, असं त्यांनी विचारलं. एकदा मागितला होता, काकू म्हणाल्या.

"चल," काका खाकरून म्हणाले, "चष्मेवाल्याकडे जाऊ. मला नवा करावा लागणार."

"जुना?"

काकांनी रिकामे खिसे चाचपले.

"जुना म्हणून आता मीच आहे," ते म्हणाले. "घे जमा करून."

काकूंनी बाहीचा शेवटचा टाका घातला, दोरा दातांनी तोडला आणि नवऱ्याला डोक्यापासून फळीपर्यंत नीट निरखलं.

"घेते की," त्या म्हणाल्या. "पण बदल्यात नवा कोण मिळतोय, तो आधी दाखवा."