जावयाचं व्याख्यान आणि मामांच्या हिरड्या

माझ्या सासऱ्यांनी दात घासणं सोडलं, ते माझ्यामुळे.

मामा लोह्याजवळच्या खेड्यात शेती करतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नांदेडला आमच्याकडे आले होते. साखर काही उतरेना आणि ती उतरल्याशिवाय डॉक्टर डोळ्याला हात लावेनात. "हिरड्या सुजल्यात, रक्त येतंय. आधी तिथले जंतू आवरा, त्यांच्यानंही साखर चढते," असं बजावून त्यांनी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जायला सांगितलं. (तोवर मामा भिंत चाचपत फिरत होते आणि दोनदा माझ्या चपला घालून देवळात जाऊन आले होते.)

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. गप्प बसणं आमच्या धंद्यात बसत नाही!

"मामा, तोंडात शेकडो जातींचे जिवाणू असतात. पण सगळेच वाईट नसतात हं! कितीतरी आपलं रक्षणच करतात!"

मामा ताठ बसले. "म्हंजे सोयाबीनच्या बियाण्याला चोळतो, तसले?"

"अगदी तसेच!" मी म्हणालो. (घोडचूक ती हीच.)

दुसऱ्या दिवशी मामांनी ब्रश बंद केला. तिसऱ्या दिवशी चूळही!

"रानात टाकायला जिवाणू इकत आणतो आम्ही. आन् तोंडातले फुकटचे मारून टाकू?"

"अहो, वाईटही असतात ना! ते हिरडीत शिरतात!"

"परवा म्हणलात रक्षण करतेत. आज वाईट झाले व्हय? एकदाचं ठरवा, जावईबापू!"

बायको माझ्यावरच उखडली. "अक्कल पाजळायला कुणी सांगितलं होतं? आबांचे डोळे जायची वेळ आली!" मी घाईघाईनं मोबाईलवर जिवाणूंचा व्हिडिओ लावला. मोतीबिंदूतून मामांना नुसती वळवळ दिसली आणि ते खूश झाले. "लई जोमात हायत की!"

शेवटी ऑटोत घालून नेलं. डॉक्टरीणबाई जळकोटकडच्या, शेतकऱ्याची लेक. मामा खुर्चीत तोंड मिटून बसले. "आधी सांगा, चांगले जिवाणू मरतील का?"

बाई हसल्या नाहीत. "मामा, रानात तण माजलं तर?"

"तण खाई धन!"

"मग? तुमच्या दातावर तण माजलंय. मी खुरपून काढते, पीक ऱ्हाऊ देते. पुन्हा माजू नये म्हणून रोज घासायचं."

मामांनी लगेच 'आ' केला. त्याआधी मला म्हणाले, "असं नीट सांगावं लागतंय!" मी माझ्या दोन पदव्या घेऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसलो.

मामा इमानदारीत दोन वेळा दात घासू लागले, गोळ्या चालूच होत्या, साखर उतरली. ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा मामांनी आधी लेकीकडे पाहिलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. खरं सांगतो, मला भरून आलं. मग ते माझ्याकडे वळले. मी तोंडभर हसलो.

मामांनी वाकून निरखलं.

"जावईबापू, दात लई पिवळे दिसायलेत तुमचे. घासत न्हाई का?"