एव्रिलच्या टेबलावरची युद्धनौका

एव्रिल पार्जेटरच्या घरात जेवणाचं टेबल आहे, पण त्यावर जेवण वाढलेलं मी फार वर्षांत पाहिलेलं नाही. त्यावर युद्धनौका असते. करडी, कोनाकोनांची, दोन्ही हात पसरले तरी टोकं हाती न लागणारी. एव्रिल आणि तिचा नवरा विल्फ मांडीवर ट्रे घेऊन टीव्हीसमोर जेवायचे. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गॉस्पोर्टमध्ये याचं कुणाला नवल नाही. इथले निम्मे पुरुष नौदलात नाहीतर गोदीत झिजले, आणि निवृत्त झाल्यावर तीच जहाजं छोटी करून त्यांनी घरात आणून ठेवली. बायकांनी करायचं काय? धूळ पुसायची.

विल्फ गोदीत फिटर होता. माणूस वाईट नव्हता, पण हातातलं काम संपवणं त्याच्या कुंडलीतच नव्हतं. स्वयंपाकघरातली फळी बसेपर्यंत देशाचे दोन पंतप्रधान बदलले. नौकेचंही तेच. सांगाडा झाला, रंग झाला, इवलीशी तोफसुद्धा झाली. ती पाण्यात चालणार कशावर, पंख्यांवर की जेटवर, एवढंच ठरायचं होतं. ते ठरवता ठरवता फेब्रुवारीत तो गेला. इस्पितळात एव्रिलचा हात धरून म्हणाला, "तळ्याला एक पूर्ण फेरी मारू दे तिला. मग तू मोकळी."

मोकळी म्हणे! मला ऐकून असा संताप आला की काय सांगू. पण मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही.

एव्रिलची बहीण थेल्मा वेल्समध्ये टेन्बीला राहते. एकटीच असते, मुलगा वेगळा राहतो, समुद्राकडची खोली रिकामी पडलेली. तिने लगेच बोलावलं. इकडे एव्रिलच्या भिंतींना ओल, जिना चढवत नाही, आणि न्हाणीघरात जायचं तर विल्फच्या खोक्यांतून अंग चोरून जायचं. भिंतीला भिंत लागून माझं घर, तिचा खोकला मला ऐकू येतो. मी म्हटलं, जा बाई, सुटशील. ती म्हणाली, "फेरी झाली की निघालेच." बॅगसुद्धा भरून ठेवली.

थोड्याच दिवसांनी छोट्या बोटींच्या क्लबचा नॉरिस बीमिश बिस्किटांचा पुडा आणि दोन खोकी घेऊन आला. मी मुद्दाम बसून राहिले.

"हे पंखे," नॉरिस म्हणाला. "एका शनिवारात बसवून देतो. हळू चालवा, जोरात चालवा, मागचं सुकाणू ऐकतं. आणि हे जेट. पोटाखालून पाणी ओढायचं आणि मागून फेकायचं. खऱ्या जहाजाला हेच आहेत. पण त्यासाठी तळ कापावा लागेल, पाणी आत यायचा बोगदा घडवावा लागेल. आणि जेटला सुकाणू नसतं, बरं का. झोत वळतो म्हणून बोट वळते. घाबरून वेग सोडलात की झोत गेला. मग ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही, सरळ जाते."

"आणि तळ्यातलं गवत ओढलं की घसा बंद. तेही सांग की," मी म्हटलं.

"तेही आहेच."

"मग घोडं अडलंय कुठे? पंखे लाव. पाण्याखाली डोकं घालून कोण बघणार आहे?"

नॉरिसने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये सिगारेट पेटवली. "जॉइस, लोकांना नाही दिसणार. पण आपल्याला ठाऊक असेल ना!"

"तुला असेल ठाऊक. तिला टेन्बीला जायचंय."

एव्रिल दोन्ही खोक्यांकडे बघत बसली होती. चहा गार झाला तिचा.

"जेट," ती म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. वाटलं, नवऱ्याचं मन राखतेय.

एका शनिवारचं काम वर्षावर गेलं. एव्रिलने स्वतःच्या हाताने बोटीचा तळ कापला. बोगदा घडवला, तो गळला, पुन्हा घडवला. क्लबच्या हौदात बोट सोडून पाहिली तर ती शेपटीमागे धावणाऱ्या कुत्र्यासारखी जागच्या जागी फिरत राहिली. चिकटवायच्या रेझीनचा वास भिंतीतून माझ्या घरात यायचा. थेल्माचे फोन यायचे. मी रोज बडबडायची, पण पालथ्या घड्यावर पाणी. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पहिल्यांदा तळ्यावर गेलो, तर समोर हंस आला, एव्रिल घाबरली, तिने हातातल्या रिमोटवरचा वेग सोडला आणि बोट थेट काठच्या लव्हाळ्यात घुसली. नॉरिसने जेटच्या तोंडावरच्या जाळीतून मूठभर गवत उपसलं. मे महिन्यात ये रे माझ्या मागल्या.

जूनमध्ये मात्र सगळं जुळून आलं. वारा नव्हता. क्लबच्या मंडळींनी आदल्या दिवशी तळ्यातलं गवत काढलं होतं. थेल्माचा मुलगा मंगळवारी व्हॅन घेऊन येणार होता. एव्रिलने बोट सोडली, आणि खरं सांगते, मला बोटींचं काडीचं कौतुक नाही, तरी ती सुंदर चालली. बाकावरचे म्हातारे उठून उभे राहिले. शेवटचं वळण उरलं तेव्हा सगळे बोटीकडे बघत होते. मी एव्रिलच्या हातांकडे बघत होते.

समोर हंस नव्हता. दुसरी बोट नव्हती. एव्रिलने रिमोटवरच्या वेगाच्या खटक्यावरून अंगठा उचलला. घसरला नाही, उचलला.

बोट वळलीच नाही. सरळ गेली आणि लव्हाळ्यात नाक खुपसून थांबली.

"अरे देवा, इतक्या जवळ येऊन!" म्हणत नॉरिस रबरी बूट चढवून पाण्यात धावला.

"एव्रिल," मी हळूच म्हटलं, "तू वेग सोडलास."

"हो."

"मुद्दाम."

तिने रिमोट बंद केला. मग म्हणाली, "थेल्माकडे उशी कुठे ठेवायची ते थेल्मा सांगणार. जेवण तिच्या वेळेला. खिडकी उघडायची तर तिला विचारून. मरेपर्यंत पाहुणी, जॉइस."

"मग नको जाऊस. राहा इथेच."

"इथे?" ती हसली. ते हसू मला बघवलं नाही. "इथे सकाळी डोळे उघडले की गुदमरायला होतं. मला इथेही नकोय आणि तिथेही नकोय. बोट बाकी आहे तोवर निदान कुठे राहणार म्हणून कुणी विचारत तरी नाही."

नॉरिस बोट छातीशी धरून, कमरेपर्यंत भिजून आला. "जाळी अगदी स्वच्छ आहे!" तो म्हणाला. "काही कळत नाही बुवा. पुढच्या रविवारी नक्की."

"हो, पुढच्या रविवारी," एव्रिल म्हणाली.

घरी आलो. ती हात धुवायला आत गेली आणि फोन वाजला. मीच उचलला. पलीकडे थेल्मा.

"झाली का गं एकदाची फेरी?"

"कुठली होतेय," मी म्हटलं. "यंदा तळ्यात गवत फार माजलंय."