रिपोर्टकाकूंचा अडलेला संगणक

डॉक्टर एक्स-रे बघून जे बोलतात ते हेडफोनवर ऐकायचं आणि बिनचूक टाइप करून पाठवायचं, हे रिपोर्टकाकूंचं अकरा वर्षांचं घरबसलं काम. ‘किंचित सूज’ आणि ‘सूज नाही’ यांच्यामध्ये कुणाची तरी झोप अडकलेली असते, असं त्या म्हणत. म्हणून प्रत्येक रिपोर्ट दोनदा वाचत.

त्या दिवशी रस्ता खणताना घरच्या इंटरनेटची तार तुटली. दुपारी एकच्या आत चौदा रिपोर्ट पाठवायचे होते. महिन्यात दोनदा उशीर झाला होता. तिसऱ्यांदा झाला तर काम दुसऱ्याकडे जाईल, हे दवाखान्यानं गोड शब्दांत कळवलं होतं. काकूंनी फोन केबलनं संगणकाला जोडला, फोनचं नेट त्याला दिलं आणि कामाला बसल्या. पाच मिनिटांत संगणकाची गोगलगाय झाली. अक्षर दाबावं, तर ते पदर खोचून, चपला शोधून मग पडद्यावर यायचं.

दीर डोकावले. “वहिनी, त्याचं वय झालं. नारळ द्या आता.”

“वय तुमचंही झालंय, भाऊजी. तुम्हाला देऊ?”

आतून सासूबाई खुदकन हसल्या.

दिरांच्या आग्रहानं संगणक दोनदा बंद-चालू झाला. फरक शून्य, अर्धा तास पाण्यात. साडेअकरा वाजले. मग त्यांनी केबल काढून पाहिली. संगणक तरतरीत! लावली, की पुन्हा मान टाकली.

“म्हणजे म्हातारपण नव्हे,” त्या पुटपुटल्या. “केबल लावली की कुणीतरी त्याला जुंपतंय.”

त्यांनी संगणकावर चालू असलेल्या कामांची यादी उघडली. वरच दोन दांडगे बसले होते: अपडेट आणि फोटो नेटवर चढवून साठवणारा प्रोग्राम. काकूंनी कपाळाला हात लावला. नेट महिनाभर पुरावं म्हणून त्यांनीच घरच्या वायफायला ‘मर्यादित’ अशी खूण केली होती. त्यामुळे सहा महिन्यांची अपडेटं तुंबली होती. केबलची जोडणी मात्र नवी, तिला ती खूण नव्हती. आईच्या धाकातली पोरं मामाकडे जाऊन सुटावीत, तसं सगळं एकदम सुटलं होतं.

त्यांनी केबलच्या जोडणीलाही ‘मर्यादित’ केलं, अपडेट थांबवलं, फोटोंचा प्रोग्राम बंद केला. संगणकाचा घरघरणारा पंखा हळूहळू निवला. अक्षरं बोटांबरोबर धावू लागली.

एकला आठ मिनिटं कमी असताना चौदावा रिपोर्ट गेला, तोही दोनदा वाचूनच. लगेच दवाखान्याचं उत्तर आलं: ‘सगळे मिळाले. वेळेत.’

“मग नवा घ्यायचा नाही?” दिरांनी विचारलं.

“त्याला काय धाड भरलीय? चूक माझी होती.” काकूंनी हेडफोन काढला, खांदे सैल सोडले आणि आत हाक मारली, “आई, पानं घ्या हो. सकाळपासून पोटात काही नाही, हे आत्ता कळतंय.”