साठ रुपयांची दिवसपाळी

साल १९५४. आंगणेवाडीची जत्रा होऊन तीन दिवस झाले होते. मालवणच्या बंदरावर माझ्या आईने तात्यांच्या हातात साठ रुपये ठेवले. हजर चौघे: आई, तात्या, शेजारचे धाकू मेस्त्री आणि मी. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, मुंबईत एका बर्फाच्या कारखान्यात मुकादम. माझे वडील वारले होते. आईने कानातल्या कुड्या मोडून ते पैसे उभे केले होते. नोकरी तात्या तशीही देणार होते. हे पैसे दिवसपाळीचे होते, कारण लहानपणापासून मला जागरण सोसत नसे.

"वयनी, माझो शब्द," तात्या म्हणाले. "सदा दिसाचो कामाक जातलो आणि रातीचो झोपतलो."

पडावाची होडी आम्हाला मोठ्या बोटीकडे घेऊन निघाली तेव्हा आई समाधानाने उभी होती. रडत नव्हती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

मुंबईत पोचल्यावर तात्यांनी मला रातपाळीच्या टोळीत घातले. दिवसाच्या जागेवर त्यांचा मुलगा वसंत होता. "दोन महिने कळ काढ," ते म्हणाले. "वयनीक कळवू नको. तिच्या जीवाक घोर लागात." मी कळवले नाही. दोन महिन्यांची तीन वर्षे झाली.

गावाकडच्या ताटात मासळी येते ती थेट दारावरून. मुंबईत ती बर्फावरून येते, आणि तो बर्फ रात्री निघतो, कारण मासळीवाल्यांना तो पहाटे हवा असतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीतून डबे उचलायचे, बर्फाची लादी सोडवायची, भुसा लावून रचायची. सकाळी बोटे बधिर आणि डोळ्यांत वाळू. खोलीवर आमच्याच भागातले अकरा जण राहत. दिवसाचे कामगार उठून गेले की त्यांच्या चटयांवर आम्ही पडायचो. खिडकीला गोणपाट लावले तरी उजेड आत येई, नळावर हंडे आदळत, आणि अंगाला ठाऊक असे की बाहेर दिवस आहे. दोन तास डोळा लागे, मग छाती धडधडत जाग येई. जेवण समोर आले की मळमळ, आणि रात्री लाद्या उचलताना भूक. सुट्टीच्या दिवशी मी पुन्हा दिवसाचा माणूस व्हायला बघे. अंगाला ते जमायला लागे तोवर पुन्हा रातपाळी. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पोटाचे औषध दिले आणि म्हणाले, "औषधाचा उपयोग नाही. तुझ्या शरीराला दिवस कुठला नि रात्र कुठली हे कळेनासं झालंय. पाळी बदलून घे."

पाळी बदलणे तात्यांच्या हातात होते.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात रजेवर घरी आलो. तात्याही आले होते. रात्रभर मी टक्क जागा, आणि उजाडले की मेल्यासारखा झोपलेला. अशाच एका सकाळी जवळच्या कट्टा गावचे एक दुकानदार आपल्या मुलीसाठी मला बघायला न कळवता आले. आमच्याकडे तशीच रीत आहे: मुलगा एरवी कसा असतो ते बघायचे. आईने मला हलवून उठवले. मी खांबाला धडकलो, आणि नाव विचारले तर गाव सांगितले.

तात्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बाकावर बसले होते. दुकानदारांना म्हणाले, "मुंबयत ह्यो रातभर खंय आसता, ता माका विचारू नकात. माझो वसंत रातीचो घरात आसता."

त्या बोलण्यात खोटा शब्द एकही नव्हता. दुकानदार चहा न घेता उठले.

मी आईला रातपाळीचे खरे सांगितले. तिने तात्यांना विचारले. तात्या म्हणाले, "वयनी, तुझे साठ रुपये घेवन मी तेका रातपाळी देयन?" आईला तो हिशेब पटला. पैसे दिले होते, म्हणजे मी दिवसाचा कामगार, म्हणजे दिवसा पडून राहतो तो दारूने. दुसऱ्या दिवशी मी डोळे मिटून पडलो होतो, झोप नव्हती. आई वाकली आणि तिने माझ्या तोंडाचा वास घेतला.

ती मुलगी त्याच वर्षी वसंतला दिली.

मी विसरलो नाही, आणि विसरायचा प्रयत्नही केला नाही. मी मॅट्रिक होतो, आकडेमोड चोख होती. कारखान्याच्या हजेरी कारकुनाची जागा रिकामी झाली तेव्हा मालकांनी ती मला दिली, आणि पाळ्या लावणे माझ्याकडे आले. वर्षभरात तात्या काम सोडून गावी गेले. नियम जुनाच होता: रातपाळी सर्वांना फिरून यावी. वसंतवर ती एकदाही आली नव्हती. त्याच्या चुकलेल्या पाळ्या मी मोजल्या आणि त्या ओळीने त्याला भरायला लावल्या. एक जास्त नाही, एक कमी नाही.

काही महिन्यांनी वसंत माझ्या टेबलापाशी आला. "सदा, माका झोप नाय रे. पोटात जळता."

"दोन महिने कळ काढ," मी म्हणालो.

तो रजेवर गावी गेला आणि बापाच्या खळ्यात दुपारपर्यंत झोपू लागला. गाव कुजबुजले: तात्याचो झील ढोसता. हे मी कोणाला शिकवले नव्हते. शिकवणारे तात्याच होते.

गणपतीला मी घरी गेलो तेव्हा तात्या आले. "सदा, वसंताक सोडय. लोक काय बोलतत, तुका म्हायत आसा?"

"तुमच्या आधी म्हायत आसा, तात्यानू."

मी अट घातली. बंदरावर जे हजर होते ते सगळे आमच्या खळ्यात यावेत, आणि कट्ट्याचे दुकानदारही, जे आता तात्यांचे व्याही होते. त्यांच्यासमोर तात्यांनी खरे काय ते आईला सांगावे.

तिसऱ्या दिवशी सगळे जमले. तात्या जमिनीकडे बघून पुटपुटले.

"भावोजी, मोठ्यान बोला," आई म्हणाली. "धाकूक कमी आयकाक येता."

"माका बरा येता," धाकू मेस्त्री म्हणाले, "पण परत आयकलंय तर बरा वाटात."

तात्यांना मान वर करावी लागली. "वयनी, मी तुझे साठ रुपये घेतलंय आणि सदाक रातपाळी दिलंय. तो दारू पिवक नाय. ता मी माझ्या वसंताखातीर केलंय."

दुकानदारांनी टोपी डोक्यावर घातली आणि जावयाच्या बापाकडे न बघता निघून गेले.

वसंतच्या तेव्हा दोन पाळ्या भरायच्या राहिल्या होत्या. त्या मी सोडल्या नाहीत. त्यानंतर त्याचे नाव इतरांसारखे फिरू लागले. तात्यांच्या घरचे पाणी मी अजून प्यालेलो नाही.

माझ्यासारखे जे गाव सोडून आले त्यांना हे वेगळे सांगायला नको: मुंबईत माझ्या दोन खोल्या आहेत, बायको आहे, मुले आहेत, आणि मी कित्येक वर्षे दिवसाचा कारकून आहे. तरी अंग जुनीच पाळी पाळते. रात्री जाग येते तेव्हा हात लादी उचलायला तयार असतात. गावी गेलो की मात्र उजाडल्यावर पडवीत झोपतो. आई दारात सूप घेऊन तांदूळ निवडत बसते, आणि कोणी आले तर त्याला खळ्यातच थांबवते: "झील झोपलोहा. सांजेक येवा." माझ्या लेखी घर आता तेवढेच आहे, त्या दारापासून माझ्या चटईपर्यंत.

खळ्यात सगळे जमले त्या दिवशी तात्यांनी कमरेचे साठ रुपये काढून आईला दिले होते. तिने ते धाकू मेस्त्रींकडून मोजून घेतले आणि पदरात बांधले होते. माझ्या तीन वर्षांच्या झोपेपोटी कोणी कोणाला काही दिले नाही.