नवसाचे केस

आमच्या ह्यांना टक्कल पडायला लागलंय हे सगळ्यात आधी ह्यांनीच बघितलं, पण दुसऱ्याचं म्हणून. हे टॉवेल-चादरींच्या शोरूममध्ये सेल्समन. मालकानं नवीन कॅमेरे बसवले, तेव्हा हे टीव्हीकडं बघून हसत म्हणाले, "काउंटरला तो टकल्या कोण उभाय ओ?" मालक म्हणाले, "अंबादास, तूच की!"

त्या दिवसापासून आमच्या घराला भज्यांच्या गाड्याचा वास. कांद्याचा रस काय, लसूण काय, कढीपत्त्याचं तेल काय! "बघ गं, आज कमी गळले ना?" असं दिवसातनं चारदा. खरं सांगितलं की जेवायचे नाहीत. "हो, कमीच वाटतंय," असं खोटं बोलून बोलून माझी जीभ दमली.

खरी पंचाईत वेगळीच होती. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारी माणसं. चौतिसावं लागलं तरी ह्यांचं लग्न जमेना, तेव्हा माझ्या सासूबाईंनी, म्हणजे अम्मांनी, तिरुपतीला नवस बोलला: पोरगी मिळू दे, याच्या डोक्यावरचे समदे केस तुला देते. पोरगी मिळाली, ती मी. नवस मात्र राहिला. आधी लग्नाचे फोटो, मग माझ्या बहिणीचं लग्न, मग दिवाळीचा सीझन. तीन वर्षं ह्यांनी देवाला झुलवलं. आणि आता म्हणतात काय, "काढले आणि परत आलेच नाहीत तर?"

अम्मांचा जीव खालीवर. "समदे म्हणून बोललेय मी! आन् हे रोज मोरीतनं वाहून चाललंय की!" त्यांनी मोरीच्या जाळीला फडकं बांधलं. उशीवरचे, कंगव्यातले, टॉवेलचे केस वेचून एका पिशवीत भरायला लागल्या. एकदा त्यात माझेही गेले. "हे तुझं, लांब हाय. देवाला फसवायचं न्हाय," म्हणत त्यांनी एकेक ओढून बाहेर काढला.

शेवटी एके सकाळी चहा पिताना त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यानं लई वाट बघितली, अंबादास. आता तोच न्यायला लागलाय, रोज थोडं थोडं." ह्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला. त्याच दिवशी ह्यांनी तिरुपतीची तीन तिकिटं काढली.

तिथं केस काढायच्या हॉलमध्ये हे डोळे गच्च मिटून बसले. पाच मिनिटांत डोकं साफ! मग अम्मांनी पिशवी पुढं केली आणि न्हाव्याला तेलुगूत सगळी कथा सांगितली. तो हसला. "अम्मा, गळलेले कुठं चालतात? डोक्यावरचेच लागतात."

अम्मांचा चेहरा खर्रकन उतरला. एकदा पिशवीकडं बघितलं, एकदा लेकाच्या डोक्याकडं. मग शेजारी बायकांचे केस काढणाऱ्या बाईपुढं जाऊन बसल्या आणि अंबाडा सोडला. अम्मांचे केस अजून कमरेपर्यंत, अर्धेअधिक काळे. सणाला गजरा माळला की त्या आरशात दोनदा बघतात, मला ठाऊक आहे.

"अम्मा, नको!" मी ओरडलेच.

"माझ्या पोराचं कमी पडलंय," त्या बाईला सांगत होत्या, "तेवढे माझे घे."

"तेवढे म्हणजे किती?" बाईनं विचारलं.

"समदेच घे. मापत कुटं बसू?"

स्वतःच्या चार केसांसाठी सहा महिने कण्हणारे आमचे हे आता आईचे केस खाली पडताना बघून भर हॉलमध्ये हुंदके द्यायला लागले. मलाही आवरेना. अम्मा उठल्या, दोन्ही हातांनी डोकं चाचपलं आणि ह्यांच्यावर डाफरल्या, "रडतो कशाला? लई गार वाटतंय की! एवढ्यासाठी व्हय रे तीन वर्षं छळलंस मला?"