बोअरला लावलेली काडी

भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. माझं शेत मसणवट्याला लागून आहे. जन्मभर रखवाली केली, कोल्ह्याशिवाय तिथं मला कोणी भेटलं नाही. तुमच्या मासिकातल्या गोष्टी पुतण्या वाचून दाखवतो, त्यातल्या निम्म्या मला थापाच वाटतात. तरी लिहितो. कारण हे दिवसाढवळ्या, सगळ्या गावासमोर झालं. शाळा चौथीपर्यंतच झाली आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

गाव तापीच्या काठी, प्रकाशा तीर्थापासून कोसभर. तालुका शहादा, जिल्हा पश्चिम खानदेश. लढाई लागायच्या आधी एक गोरा साहेब आला. जमिनीखाली घासलेट आहे का बघायचं म्हणून कंपनीनं माझ्या खळ्याच्या बांधापलीकडे, सरकारी पडीत जमिनीत, बोअर मारायला घेतली. इंजिन दिवसभर धडधडायचं. भिंतीवरची मडकी हलायची. घासलेट काही लागलं नाही. निघाला तो गॅस. लोखंडी पाइपातून फुस्स करायचा, काडी लावली की हातभर जाळ उभा. निळा. मजूर त्याच्यावर विड्या पेटवायचे.

कामावर एक ओव्हरसियर होता, वामनराव. देशावरचा, एकटा माणूस. माझी बायको केसर, तिला भाऊ नव्हता. आम्हाला मूलबाळही नाही. हा पहिल्या दिवशी ताक मागायला आला आणि घरचाच झाला. रोज आमच्याकडे जेवायचा. तिला ताई म्हणायचा, मला दाजी. भाऊबीजेला पाटावर बसला, केसरनं ओवाळलं, पाया पडून घेतलं. मला म्हणाली, "आते मले बी माहेर शे."

ती जाळाला हळदकुंकू वाहायला निघाली तेव्हा हाच हसला. "ताई, देवी नाही ती. गॅस आहे. साठला आणि आग दिसली की भडकतो, लांब राहायचं."

म्हणजे त्याला माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

लढाई लागली, साहेब गेला, कंपनीनं गाशा गुंडाळला. भोक सिमेंट ओतून बुजवायचं काम वामनरावाकडे होतं. त्यानं बाभळीचं खुंट ठोकलं आणि वरून चिखल थापला. सिमेंट कुठं गेलं ते त्यालाच ठाऊक. जाताना केसरला म्हणाला, "पक्कं बंद केलंय ताई, बिनघोर राहा." ती रडली. त्याच्याबरोबर वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली आणि आम्ही खळ्यातलं पेव उघडायला घेतलं. ज्यांच्याकडे पेव नाही त्यांना सांगतो – जमिनीत खोल खड्डा असतो, त्यात ज्वारी भरून तोंड लिंपून टाकतात. उघडल्यावर लगेच कोणी उतरत नाही. आत हवा बिघडलेली असते, माणूस बसल्या जागी मरतो. म्हणून वाफ जाऊ द्यायची, मग दोरीनं दिवा खाली सोडायचा. दिवा विझला की थांबायचं. जळत राहिला की उतरायचं. माझ्या बापानं हेच केलं, त्याच्या बापानं हेच केलं.

वास आला होता. मी बोललो. केसर म्हणाली, "ज्वारी भिजेल व्हई." मी गोण्या आणायला घरात वळलो, तिनं दिवा सोडला.

आवाज मोठा नव्हता. ओल्या कापडावर दांडकं बसावं तसा. मी पळालो तर पेवाच्या तोंडातून जाळ निघत होता आणि ती बाजूला पडलेली... पुढचं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होती. एकच बोलली, तेही परत परत, "दिवा इझना नही वो... दिवा मोठा व्हयना."

आमचा दिवा वाईट हवा ओळखतो ती विझवणारी. ही पेटणारी होती. पाइपाचं तोंड कोंडलं म्हणून मातीतनं वाट काढत माझ्या पेवात येऊन बसलेली.

गावाला ते पटलं नाही. बोअरचा गॅस बांधापलीकडे, त्यानं ज्वारीच्या पेवाला आग कशी लागेल? कुजबुज सुरू झाली. "बाईनी पेटाडी लिधं." पोर नाही, म्हणून जीव दिला म्हणे! माझा चुलतभाऊ नथ्थू, एका ताटात जेवलेला, तोच सांगत आला, "दादा, वहिनीवरनं बालंट निंघनं नही तर गंधमुक्तीले भाऊबंद येवाऊ नहीत. जीव दिधेल बाईनी पंगत कोन खाई?"

गंधमुक्ती म्हणजे सुतक फिटल्याची पंगत. मला बाकी काही नको होतं. तिनं जीव दिला नाही एवढं कागदावर यावं, आणि पंगत बसावी. फौजदार चौकशीला आला, त्याला मी पाया पडून सांगितलं, ओव्हरसियरला बोलवा. तो नवापूरला लाकडाच्या ठेकेदाराकडे लागला होता. निरोप गेला. मला वाटलं, ताई गेली हे कळल्यावर ऊर बडवत येईल.

तो यायच्या दिवशी सकाळीच मी आणि गोमा कोतवाल बोअरवर गेलो. खात्री करून घ्यावी म्हणून. खुंटाच्या कडेनं फुस्स चालूच होतं. गोम्यानं काठीला चिंधी बांधून पेटवली, लांबून धरली. भप्प! गोम्याच्या भुवया गेल्या. ओली गोणी टाकून जाळ विझवला तेव्हा तो म्हणाला, "पाटील, आते कोन नही म्हनाव शे?"

दुपारी सगळं गाव बोअरपाशी जमलं, तेव्हा वामनराव आला. अंगात कोट. माझ्याकडे पाहिलंच नाही. फौजदारानं विचारलं, बोअर कशानं बुजवली?

"सिमेंटनं. खुंट वरून ठोकलंय. गॅस-बिस आता इथं नाही."

"हे म्हणतात तुम्ही यांच्या घरचे होता."

"पैसे देऊन जेवत होतो साहेब. खानावळीसारखं. हा इसम म्हातारा आहे, बायको गेली, डोकं फिरलंय."

हा इसम! कालपर्यंत दाजी होतो. तिनं ज्या हातानं वाढलं तो हात जळून गेला आणि हा म्हणतो खानावळ.

मी म्हणालो, "गॅस नाही ना? मग तोंड खाली घाल आणि लाव काडी."

गावातनं कोणीतरी ओरडलं, "लाव ना भो, भ्यास का?" दोघंतिघं हसले. त्याला मागं फिरता येईना. गुडघे टेकून बसला, काडी ओढली. मी खोटं कशाला बोलू... त्याचं तोंड भाजावं असं मला वाटत होतं. मी वाटच बघत होतो. गोमा तर पार मागं सरकला होता.

काडी जळाली. शांत, देवघरात जळावी तशी. त्याच्या बोटापर्यंत आली. दुसरी लावली. तीही तशीच. खुंटाची फुस्स बंद होती. वारा नव्हता. एवढी माणसं, पण कोणी खोकललं नाही.

आणि त्या शांततेत मी ऐकलं – कडकड, कडकड, बोटं मोडल्याचा आवाज. आमच्याकडच्या बाया भावाच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवतात आणि स्वतःच्या कानशिलाशी बोटं मोडतात. त्याची पिडा आपल्यावर घेतात. तोच आवाज. पाइपापाशी वामनरावाशिवाय कोणी नव्हतं, आणि त्याच्या एका हातात पेटी, दुसऱ्यात काडी. गोम्यानं माझा दंड धरला. "आयकं का?" म्हणाला. म्हणजे त्यानंही ऐकलं.

गोम्याच्या जळलेल्या भुवया मी दाखवल्या, तरी फौजदारानं लिहिलं, गॅस आढळला नाही. बाईनं जाळून घेतलं.

लोक पांगले. वामनराव बैलगाडीत चढताना माझ्याजवळ आला. तोंड पांढरंफटक. हळूच म्हणाला, "दाजी, मला वाटलं होतं मेलो... कुणाचे तरी हात लागले तोंडाला. गार होते."

मी त्याच्या कोटाला धरलं. "हे फौजदाराला सांग."

त्यानं कोट सोडवून घेतला आणि गाडीवानाला म्हणाला, "हाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोम्यानं परत चिंधी लावली. भप्प! पेटलं. फौजदार शहाद्याला निघून गेला होता. नथ्थूला ओढून आणून दाखवलं. म्हणाला, "कागद व्हई गया ना दादा, आते काय उपेग?"

गंधमुक्तीला पत्रावळी मांडल्या. भाऊबंदांतलं कोणी आलं नाही. नथ्थूच्या घराचं दार तर दिवसा लावलेलं. गोमा नेहमीसारखा ओट्याखाली बसायला लागला, मी त्याला वर शेजारी घेतलं. आम्ही दोघं जेवलो. बाकीचं नदीत सोडलं.

शहाद्याच्या डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, गॅस कधी कधी दमतो, मग परत येतो, त्यात काही नाही. असेल. त्याला बोटांचं सांगितलं, तर म्हणाला, पुढचा पेशंट पाठवा.

वामनरावानं दगा दिला, ते कळतं. नोकरी होती, पोट होतं, जात्याच हलकट होता. नथ्थू आणि भाऊबंदांचंही कळतं. पण केसर? तो तिला खानावळवाली म्हणाला तेव्हा ती तिथंच असेल तर तिनं ऐकलंच असेल. थोडं थांबली असती, एक काडी पेटू दिली असती तर तिच्यावरचं बालंट निघालं असतं, पंगत बसली असती. तिनं त्याचं तोंड वाचवलं आणि मला गावासमोर खोटं पाडलं. एवढा संसार माझ्याबरोबर केला आणि बाजू घेतली त्याची.

की तिथं कोणीच नव्हतं? मला माहीत नाही. अजूनही बोअरवर जातो, पाइपापाशी बसून तिला शिव्या देतो, मग कारण विचारतो. फुस्स चालू असतं. दुसरं काही ऐकू येत नाही.